पाळी सुटल्यानंतर: गिरणगावातले जोडधंदे

मुंबईच्या कापडगिरण्यांतला कामगार निव्वळ गिरणीच्या पगारावर क्वचितच जगला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागले. तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड, भायखळा या पट्ट्यातला, म्हणजे गिरणगावातला, संसार गिरणीची नोकरी आणि तिच्या जोडीला आणखी काहीतरी असाच चालला. कुणी भाजी विकली, कुणी पानाची गादी टाकली, कुणी व्याजाने पैसे फिरवले, कुणाच्या घरी खानावळ चालली. हे दुसरे काम कुणाला झेपले, कुणाला झेपले नाही आणि झेपले तेव्हा त्याचा भार नेमका कुणाच्या अंगावर पडला, हे पाहायचे तर अंगातली धमक आणि चिकाटी यांच्या गोष्टी बाजूला ठेवून गिरणीच्या भोंग्याकडे पाहावे लागते.

कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पहिल्या पिढ्यांसाठी खरे तर गिरणी हाच जोडधंदा होता. रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांत जमिनीचे तुकडे लहान, पाऊस गेला की हाताला काम नाही आणि सावकाराचे देणे मात्र बारमाही. घरातला एक पुरुष मुंबईला जाई, बायको, आईवडील, भाऊ मागे राहत आणि मनीऑर्डरीने शेतसारा, बी-बियाणे, लग्नकार्य भागे. पेरणीला, कापणीला, शिमग्याला किंवा गणपतीला तो गावी परते. मालकांना ही सवय कायम खुपत आली. कामगार गिरणीत टिकत नाही, त्याचा जीव गावात अडकलेला असतो, ही तक्रार कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आणि १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या व्हिटली कमिशनपुढेही मांडली गेली. त्या कमिशनने मात्र गावाशी असलेले हे नाते तोडण्यापेक्षा ते नीट चालावे अशीच व्यवस्था करण्याचा सल्ला दिला आणि तो योग्यच होता. आजारी पडलेला, छातीत कापसाची धूळ भरलेला, उभे राहून पायांच्या शिरा फुगलेला माणूस दोन महिने गावी जाऊन उठून बसे. त्या दोन महिन्यांचा खर्च गिरणी उचलत नसे. तो शेत उचले, म्हणजे मागे राहिलेली माणसे उचलत.

सुरुवातीच्या काळात गिरणीत असताना दुसरे काही करायला वेळच नव्हता. दिवे नव्हते, म्हणून काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात ते तेरा-चौदा तासांवर जाई. रविवारी सुट्टी असलीच तर यंत्रे पुसण्यात अर्धा दिवस मोडे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढांच्या तासांना त्याने हातही लावला नाही.

या परिस्थितीत सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारला दिला. त्यातली पहिली मागणी पगाराची नव्हती. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा आणि पगार ठरल्या दिवशी, अशी ती मांडणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. रविवार हा गिरणगावातला पहिला मोकळा वेळ. बाजारहाट, गावकीची बैठक, भजन, कुस्ती, आणि ज्याला चार पैसे जास्त मिळवायचे होते त्याचे किरकोळ विक्रीचे काम, हे सगळे त्या एका दिवसात बसू लागले. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले. प्लेगच्या त्या दिवसांत ते रुग्णांच्या सेवेत होते.

मिळालेला वेळ लवकरच विजेच्या दिव्यांनी खाल्ला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत वीज आली, सूर्यास्ताची अडचण संपली आणि कापडाला तेजी होती त्या काळात दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९०५ मध्ये याविरुद्ध कामगार रस्त्यावर आले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा लागू केली. १९२२ मध्ये ती दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांवर आली, १९३४ मध्ये दहा आणि चौपन्नवर, १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीसवर. या आकड्यांकडे कामगार चळवळीचे टप्पे म्हणून पाहिले जाते, आणि ते तसे आहेतच. पण नोकरीबाहेर माणसाला काय करता आले, याचाही हाच हिशेब आहे. साठ तासांच्या आठवड्यात धड झोप, अंघोळ आणि बाजार बसत नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यात संध्याकाळची गाडी लावता येते.

तास कमी होत असतानाच पाळ्या वाढल्या. १९३० नंतर मुंबईत दोन पाळ्या रुळल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीने अनेक गिरण्यांत तिसरीही आली. स्वातंत्र्यानंतरच्या गिरणगावाचे घड्याळ या तीन पाळ्यांवर चाले: सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सकाळी सात. पहिल्या पाळीच्या माणसाला संध्याकाळ मोकळी मिळे, दुसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळ. तिसऱ्या पाळीचा माणूस कागदावर सगळ्यांत मोकळा, कारण त्याचा अख्खा दिवस रिकामा. प्रत्यक्षात तोच सर्वांत लवकर मोडे. सकाळी सात वाजता सुटून भायखळ्याच्या बाजारातून भाजी उचलायची, दुपारपर्यंत विकायची, मग दहा बाय बाराच्या खोलीत पोरांच्या गलक्यात आणि शेगडीच्या धुरात दोन-तीन तास डोळा लावायचा आणि रात्री पुन्हा साच्यावर उभे राहायचे, हे काही महिने निभते. पुढे झोप यंत्रावर येते, आणि साच्यावर आलेली झोप बोटे घेऊन जाते. रातपाळीत खाडे जास्त पडत, ते याचसाठी.

या खाड्याला मालकांच्या कागदपत्रांत बेशिस्त म्हटले आहे. गिरणगावाच्या बाजूने पाहिले तर खाडा हीच शरीर राखण्याची सोय होती. तो शक्य होई बदली कामगारांमुळे. रोज पाळी सुरू होण्याआधी फाटकावर बदलीवाले उभे असत आणि जितके कायम कामगार गैरहजर तितक्यांना आत घेतले जाई. काम मिळाले नाही तर तो दिवस हमालीत, हातगाडीवर किंवा कुणाच्या दुकानात जाई. म्हणजे बदलीवाल्यासाठी कोणती नोकरी आणि कोणता जोडधंदा, हे रोज सकाळी फाटकावर ठरे. कायम कामगार गावी जाताना आपल्या जागी भावाला किंवा गाववाल्याला लावून जाई, आणि परतल्यावर जागा शाबूत मिळे. एका नोकरीवर दोन माणसे आळीपाळीने श्वास घेत. हे सगळे बराच काळ मुकादमाच्या हातात होते. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, आणि त्याबद्दल दस्तुरी घेणाराही तोच. १९३५ साली मालकसंघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. ठराविक बदलीवाल्यांना कार्डे मिळाली आणि मुकादमाची पकड ढिली होऊ लागली.

मुकादमाचा स्वतःचा जोडधंदा मात्र सगळ्यांत सुखाचा होता. त्याच्याकडे खोल्या असत, त्या तो आपल्या हाताखालच्या माणसांना भाड्याने देई. तो व्याजाने पैसे देई, वाण्याच्या किंवा दारूच्या दुकानात त्याची भागी असे. वसुलीसाठी त्याला वेगळा वेळ काढावा लागत नसे, कारण देणेकरी दिवसभर त्याच्याच डोळ्यांसमोर काम करीत. पगाराच्या दिवशी फाटकावर उभा राहणारा पठाण सावकार तरी बाहेरचा होता. मुकादम आतला होता. नोकरी आणि धंदा एकत्र चालवून न थकणाऱ्यांमध्ये त्याचा पहिला नंबर लागतो, आणि त्याचे कारण त्याच्या हाताखालच्या माणसांच्या अडचणीत होते.

ती अडचण पगाराच्या तारखेपासून सुरू होई. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर मिळे, त्यामुळे नवा कामगार दीड महिना उधारीवर जगे. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेच्या आत देणे बंधनकारक केले. तोवर, आणि त्यानंतरही, वाण्याच्या वहीतले खाते हेच कामगाराचे खरे पगारपत्रक होते. भिशी लावून काहीजणांनी त्यातून वाट काढली. वीसेक माणसे महिन्याला ठरावीक रक्कम घालत आणि एकेकजण ती उचले. गाडी, शिवणयंत्र, पानपट्टीची जागा असे धंद्याचे पहिले भांडवल कित्येकांना भिशीनेच दिले.

गिरणगावातला सर्वांत मोठा जोडधंदा मात्र खानावळ. गावाकडून एकटे आलेले हजारो पुरुष चाळीतल्या एखाद्या खोलीत किंवा गावकीच्या खोलीत राहत. एका खोलीत पंधरा-वीस वळकट्या असत, आणि पाळीप्रमाणे माणसे येऊन झोपून जात. स्वयंपाक करायला त्यांना ना जागा, ना वेळ. मग एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा बाई आपल्या खोलीत त्यांना जेवू घाली. सरकारी चाळींतली, म्हणजे बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात संसार, त्यातच चूल आणि त्यातच मेंबरांची, म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जेवणाऱ्यांची, पंगत. नवऱ्याच्या पगाराला जोड म्हणून हे सुरू होई. त्याची नोकरी गेली, तो आजारी पडला किंवा संप लागला की तीच घरातली एकमेव मिळकत ठरे.

तीन पाळ्यांच्या गावात खानावळवालीचा दिवस कसा जाई, हे जवळून पाहण्याजोगे आहे. पहाटे चार-साडेचारला नळाला पाणी येते, म्हणून उठणे तेव्हा. हंडे भरून झाले की पहिल्या पाळीच्या माणसांचे डबे, कारण सातच्या भोंग्याआधी ते हातात पडले पाहिजेत. साडेसातला तिसरी पाळी सुटून आलेले जेवायला बसतात. त्यांची ताटे उचलली की बाजार, निवडणे, दळण. दुपारी दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांचे जेवण, चारच्या सुमाराला पहिल्या पाळीहून परतलेल्यांचे काहीतरी, रात्री नऊला त्यांचेच पूर्ण जेवण, त्यानंतर रातपाळीवाल्यांची पंगत. दुसरी पाळी बाराला सुटते, तेव्हा झाकून ठेवलेली भाकरी-भाजी काढून देण्यासाठी कुणीतरी जागे लागते. त्यानंतर भांडी. कोकणच्या मेंबरांना भात आणि मासळी लागे, घाटावरच्यांना भाकरी, आणि बहुतेक खानावळी आपापल्या मुलखाच्या माणसांच्याच असत. हिशेब महिन्याने होई, आणि मेंबर गावी निघून गेला तर बुडे. धान्य मात्र तिने वाण्याकडून उधारीवर, व्याजासकट, आधीच उचललेले असे.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. कामगाराचा दिवस कायद्याने चौदा तासांवरून आठ-नऊ तासांवर आला, त्या आठ-नऊ तासांच्या तीन पाळ्या झाल्या आणि त्या तिन्ही पाळ्या एकाच बाईच्या दिवसात येऊन बसल्या. तिला खाडा नव्हता, बदली नव्हती, रविवार तर नव्हताच, कारण त्या दिवशी मेंबर घरी असत आणि जेवण जास्त चांगले लागे. तिच्या हाताखाली राबे ती तिची मुलगी, आणि अनेक मुलींची शाळा त्यात सुटली. पुरुषांचा जोडधंदा ज्या सवलतींवर उभा होता त्यातली एकही तिच्यापर्यंत आली नाही.

गिरणीतली नोकरीही तिच्या हातून सुटत गेली होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातला एक कामगार स्त्री होती. बहुतेकजणी रिळाच्या आणि कांडीच्या खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या, हाताखाली. रात्री स्त्रियांना कामावर ठेवायला कायद्याची मनाई होती, १९२९ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने प्रसूतिभत्ता मालकाच्या डोक्यावर आला, आणि नव्या यंत्रांनी त्यांचीच खाती आधी आकसली. रातपाळ्या वाढल्या तशा मालकांना पुरुषच सोयीचे वाटू लागले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतल्या स्त्रिया बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. बाहेर पडलेल्यांनी खानावळ, पापड-मसाले, शिवण, भाजी-मासळी हे धरले. त्यांच्या बाबतीत जोडधंद्यानेच नोकरीची जागा घेतली.

जातीनेही वाटा अडवल्या. कापड विणण्याच्या खात्यात धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे. स्पर्शाचे कारण पुढे करून त्या खात्यातून, म्हणजे चांगल्या पगाराच्या कामातून, दलित कामगारांना लांब ठेवले गेले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. हीच आडकाठी जोडधंद्यातही होती. दलित बाईच्या खानावळीत सवर्ण मेंबर येत नसे, तिच्या हातचे पापड किंवा चहा विकला जात नसे. म्हणजे पगार कमी त्याच घराला वरचे चार पैसे मिळवण्याची दारेही कमी होती. गिरणगावाच्या आपुलकीच्या आठवणी सांगताना हे सुटते. ते सुटू नये.

कायद्याने दुसऱ्या कामाकडे पाहिले ते एकाच बाजूने. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर आणि पगारी रजा यांची चौकट घातली. त्याच्या ६० व्या कलमाने एका कारखान्यात काम करून आलेल्या प्रौढ कामगाराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करू द्यायला मनाई केली. हेतू सरळ होता: तासांची मर्यादा दोन फाटकांमध्ये वाटून मोडली जाऊ नये. पण पाळी सुटल्यावर स्वतःच्या गाडीवर सहा तास उभे राहणारा माणूस त्या कलमाच्या बाहेर राहिला. पगार पुरत नाही म्हणून तो उभा आहे, या प्रश्नाला तासांचा कायदा उत्तर देऊ शकत नव्हता. महागाई भत्ता, बोनस आणि वेतनश्रेणी यांच्या लढ्यांचा जोडधंद्याशी संबंध येतो तो इथे.

संपाच्या काळात दुसऱ्या मिळकतीची किंमत कळे. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिन्यांचा संप गिरणगावाने काढला. काही कामगार गावी गेले, मागे राहिलेल्यांना वाण्याने आणि खानावळवालीने उधारीवर पोसले. १९७४ च्या संपातही हेच झाले. संप मिटला की कामगाराला पगार सुरू होई. खानावळवालीच्या डोक्यावरचे सावकाराचे व्याज मात्र चढतच राही. गोव्याच्या मुक्तिलढ्यात काम केलेल्या आणि नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत उतरलेल्या प्रेमा पुरव यांना या चळवळीत जेवण वाढणाऱ्या बायका कुठेच मोजल्या जात नाहीत हे खटकले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खानावळवाल्यांचे छोटे गट झाले, एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळू लागले आणि धान्य रोखीने घेता येऊ लागले. तारण ठेवायला ज्यांच्याकडे फार तर मंगळसूत्र होते, त्या बायका बँकेच्या दारात कर्जदार म्हणून उभ्या राहिल्या. वाण्याचे व्याज सुटले की दोन मेंबर कमी घेतले तरी भागे. ही थकवा कमी करणारी पहिली खरी गोष्ट, आणि ती पैशाच्या बाजूने आली.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. या वेळी जोडधंद्याचे सगळे जुने आधार एकदम ताणले गेले. गावाला इतकी माणसे एकाच वेळी पोसता येईनात, कारण शेताचे तुकडे आणखी लहान झाले होते. फाटकच बंद, म्हणून बदलीला अर्थ उरला नाही. भाजीच्या गाड्या, वडापावच्या टपऱ्या, रखवालदारी, भिवंडीच्या यंत्रमागांवरची मजुरी, जे मिळेल ते लोकांनी धरले. एकाच गल्लीत पाच गाड्या लागल्यावर कोणाचीच विक्री पुरेशी होईना. पूर्वी वरखर्चाला उपयोगी पडणारा धंदा आता सगळ्या घराचा भार घेऊन उभा होता, आणि तो तेवढ्यासाठी कधी उभारलेलाच नव्हता. खानावळींचे मेंबर गावी गेले, थकबाकी बुडाली. अन्नपूर्णा मंडळाने पुढे एकत्र स्वयंपाकघर चालवून कार्यालयांना आणि समारंभांना जेवण पुरवण्याकडे वळण घेतले. १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली आणि गिरण्यांच्या आवारांत मॉल, कार्यालये आणि उंच इमारती आल्या.

गिरणी कामगाराचे तास १८८१ पासून कायद्यात नोंदले गेले. घरात राहून कमावणाऱ्या आणि स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या माणसांना कामगार म्हणून देशपातळीवर ओळख दिली ती असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा अधिनियमाने, २००८ साली. त्यात आजारपण, प्रसूती आणि म्हातारपण यांसाठी योजनांची तरतूद होती. कामाच्या तासांबद्दल किंवा साप्ताहिक सुट्टीबद्दल त्यात काही नव्हते.